मणी फोडताना

बायकांच्या पर्सचा इतिहास मला सालांनी सांगता येत नाही. ताईच्या जखमांनी सांगता येतो.

खांद्याला अडकवायच्या लांब पट्ट्यांच्या बॅगा आल्या, तेव्हा ताईच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. कुलपांच्या जागी चेन आली, तेव्हा पुढचा दात गेला. मग गाठोड्याएवढ्या रेक्झिनच्या बॅगांचं खूळ निघालं, आत अख्खा संसार मावेल अशा. त्या वर्षी दोन बरगड्या. आणि नंतर एकदम उलटं झालं. मोबाइलसुद्धा तिरका घालावा लागेल अशा चिमुकल्या, चमचमत्या पर्स आल्या, तेव्हा मनगटाच्या वर इस्त्रीचा चटका. फॅशन बदलली की शहाणा माणूस साचा बदलतो. आमचे भाऊजी हात उचलायचे. न खपलेला माल कपाटात पडून राहायचा, दुकानदार फोन घेईनासे व्हायचे. आता दुकानदाराला मारता येत नाही आणि फॅशनला तर नाहीच नाही. मग वड्याचं तेल वांग्यावर निघायचं.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. बाबांनी त्यांना पर्सची पितळी तोंडं ठोकून बसवायला ठेवलं होतं. हात चांगला होता. त्यांनी बसवलेलं कुलूप मिटलं की असं 'कट्ट' वाजायचं की ऐकत राहावं. बाबा त्या आवाजावर भाळले आणि पोटची पोर देऊन बसले. आवाजावरून जावई निवडू नये, एवढं मी आता ठामपणे सांगू शकते. मी स्वतः लग्नच केलं नाही. ताईचं बघून माझी हौस परस्पर फिटली.

कारखाना म्हणायचा एवढंच. एक लांबट खोली, खिडकीकडे सहा टेबलं, भिंतीशी खोक्यांची चळत, आणि मागे एक लहान खोली, जिच्यात मी राहते. बाबा होते तोवर तिथे फक्त मण्यांच्या पर्स व्हायच्या. काम करता करता ते सांगायचे, "पूर्वी विलायतेत बायकांचा खिसा झग्याच्या आत, कमरेला नाडीनं बांधलेला असायचा. मग झगे इतके तलम झाले की आतला खिसा बाहेरून फुगलेला दिसायला लागला. म्हणून तो काढून हातात घ्यावा लागला. लोक फिदीफिदी हसले, म्हणे आतली वस्तू हातात घेऊन हिंडतात! हसेनात का. बाईचा खिसा बाहेर आला म्हणून आपली चूल पेटते." हातात आला म्हणजे तो चारचौघांत दिसणार, दिसणार म्हणजे सजवायला हवा. मग त्यावर रेशीम आलं, जर आली, मणी आले.

मण्यांची पर्स विणायची म्हणजे सगळा उलटा कारभार. आधी सगळे मणी दोऱ्यात ओवायचे, चित्राच्या शेवटाकडून सुरुवातीकडे. मग विणताना टाक्यागणिक एकेक मणी खाली सरकवायचा. एका पर्सला अकरा हजार मणी. ओवताना एक चुकला तर गुलाबाच्या पाकळीत निळा ठिपका उमटतो. तो काढायला दोरा तोडला तर गाठ येते आणि गाठीवरून पुढचे मणी सरकत नाहीत. म्हणून चुकलेला मणी पक्कडीत धरून जागच्या जागी फोडायचा. त्याची काच बारीक उडते. बाबांच्या एका बहिणीचा डोळा त्यातच गेला. तेव्हापासून आमच्याकडची शिस्त अशी की, फोडणाऱ्यानं 'मणी!' अशी हाक द्यायची आणि खोलीतल्या सगळ्यांनी डोळे मिटायचे. मी चालायला शिकायच्या आधी हे शिकले. हाक आली की पापण्या आपोआप पडतात, विचार नंतर येतो.

बाबा गेल्यावर भाऊजींनी मणी मोडीत काढले आणि प्रत्येक नव्या फॅशनच्या मागे धावले, दर वेळी वर्षभर उशिरा. ताईनं सुया मात्र जपून ठेवल्या. आणि काय झालं, एका नटीनं स्वतःच्या लग्नात आजीची मण्यांची पर्स हातात धरली. तो फोटो सगळीकडे झाला आणि ज्या दुकानांनी आमचे मणी हसून परत केले होते, तीच दुकानं मणी शोधत सुटली.

एका मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाई आमच्याकडे आल्या. कपाटातली ताईनं विणलेली जुनी पर्स त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

"ही कुणी केली?"

"आमच्याकडेच होते," भाऊजी म्हणाले.

"आमच्याकडे म्हणजे कुणाच्या हातानं?"

ताईनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. बाईंनी चाळीस पर्स सांगितल्या, नमुना पुढच्या शनिवारी मागितला आणि जाताना म्हणाल्या, "यापुढे मी यांच्याशीच बोलेन." भाऊजींच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्यांनी बाईंच्या गाडीचं दार उघडायला जायचीही तसदी घेतली नाही.

दोन दिवसांनी दोरा मोजता मोजता ताई मला हळूच म्हणाली, "औषधाच्या दुकानावरची खोली घेतलीय मी. नमुना पसंत पडला की निघते. हात शाबूत आहेत तोवर निघायला हवं."

"मी येऊ बरोबर?"

"नंतर ये. आधी एकटीनं जमतंय का बघू दे."

हे फक्त आम्हा दोघींत राहायला हवं होतं. पण आमच्याकडे बडबडी म्हणून एक पोरगी चिकटवण्याचं काम करते, तिनं ऐकलं, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिनं बटणवाल्याला सांगितलं, बटणवाल्यानं भाऊजींना.

मंगळवारी सकाळी आम्ही सहाजणी कामात होतो. अस्तर शिवणाऱ्या मावशी, टिकल्या लावणाऱ्या दोघी सख्ख्या जावा, बडबडी, मी आणि ताई. नऊ हजार मणी ओवून झाले होते. भाऊजी आले ते शांत. इतके शांत की मला बरं वाटलं, इतकी मी मूर्ख. ताईच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी दोरा हातात घेतला आणि बोटांतून सरकवत राहिले.

"हा बघ. इथे हिरवा हवा होता."

"कुठे?" ताई वाकली.

त्यांनी पक्कड उचलली. बाबांच्या वेळी त्यांनी शेकडो मणी फोडले होते, त्यात नवल काहीच नव्हतं.

"मणी!" भाऊजी ओरडले.

आम्ही डोळे मिटले. काचेचा आवाज कसा टिचकीएवढा असतो. हा तसा नव्हता. हा ओला होता, आणि त्याच्यावर ताईची किंकाळी चढली. डोळे उघडले तेव्हा पक्कड टेबलावर होती, ताई उजवा हात पोटाशी धरून जमिनीवर बसली होती आणि मण्यांवर रक्त ठिबकत होतं. भाऊजी दोन पावलं मागे उभे राहून सांगत होते, "मध्येच बोट घातलं हिनं! सगळ्यांसमोर! मी हाक दिली होती की नाही?"

हाक तर दिलीच होती.

अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन हाडं चुरडली. हे बोट आता वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताईनं पोलीस चौकीत स्पष्ट सांगितलं, "यांनी आधी माझं बोट पक्कडीत धरलं आणि मग हाक दिली." चौकीतल्या साहेबांनी आम्हाला ओळीनं उभं केलं.

"तुम्ही काय पाहिलंत?"

"डोळे मिटले होते," मावशी म्हणाल्या.

"माझेपण," थोरली जाऊ म्हणाली. धाकटी जाऊ आणि बडबडी तेच म्हणाल्या.

"चौघींचेही? एकाच वेळी?" साहेब हसले. "आणि तुमचे हो? सख्ख्या बहिणीचे?"

मी खोटं बोलायला हवं होतं. एरवी मी उचलली जीभ लावली टाळ्याला अशी, आणि नेमकी तेव्हा मला खरेपणाची उबळ आली. मी म्हणाले, "माझेही मिटले होते." साहेबांनी वही मिटली. नवराबायकोचं आहे, घरात मिटवा, म्हणाले. भाऊजी आमच्या आधी चौकीतून बाहेर पडले आणि दारातल्या शिपायाशी हसून काहीतरी बोलले. मला त्यांच्याइतकाच माझा राग आला.

ताईला मी माझ्या खोलीत ठेवून घेतलं. दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी ती दिवसभर गुंगीत असायची आणि जाग आली की अंगठा आणि मधलं बोट वापरून उरलेले मणी ओवायची. मी ओवते म्हटलं तर ऐकेना. "हा माझा नमुना आहे," एवढंच म्हणायची.

भाऊजी पुन्हा येणार हे मला माहीत होतं. शनिवारच्या आत येणार हेही. दोरा तुटला की नमुना गेला, नमुना गेला की खोली गेली, खोली गेली की ताई परत त्यांच्या घरात, आणि तिथे नऊ बोटं उरली होती. रात्रभर कुशी बदलून काढली आणि सकाळपर्यंत माझं ठरलं. त्यांना येऊ द्यायचं. त्यांनी मारायचं, पण मला, आणि चारजणींच्या उघड्या डोळ्यांसमोर. ताईला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं होऊच दिलं नसतं.

बुधवारी मी दार लावून चौघींना बसवलं. जुन्या रंग उडालेल्या मण्यांचं पोतं ओढून मध्ये आणलं आणि पक्कड घेतली.

"मी हाक देईन आणि मणी फोडेन. डोळे मिटायचे नाहीत."

"अगं, काच जाईल!" मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला चष्मा आहे, मावशी. बाकीच्यांनी हातभर लांब बसा."

सांगते, इतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही. मी स्वतः हाक द्यायची, स्वतः फोडायची आणि स्वतःच डोळे मिटायची. पहिले शंभर मणी तर सगळ्या आंधळ्या कोशिंबिरीसारख्या. बडबडी एका डोळ्यानं बघायला शिकली तेव्हा मी तिच्यावर ओरडले, तर ती म्हणाली, "एक तर एक, साक्ष देताना डोळे मोजतात का?" थोरल्या जावेच्या पापणीत काच रुतली. धाकटीनं ती काढली आणि पहिल्यांदाच दोघी भांडल्या नाहीत. दुपारपर्यंत पापण्या थरथरायच्या, पण पडेनाशा झाल्या. गुरुवारी आम्ही पुन्हा तेच केलं. माझे डोळे इतके लाल झाले की ताईनं विचारलं, "रडलीस का?" मी हो म्हणाले. संध्याकाळी तिला जरा बरं वाटलं तर औषध आणते म्हणून एकटीच बाहेर गेली आणि तासाभरानं आली. मी उगीच काळजीत होते.

शुक्रवारी अकराच्या सुमारास भाऊजी आले. या वेळी शांत नव्हते. आल्या आल्या त्यांनी टिकल्यांचं टेबल लाथेनं उलथवलं. टिकल्या खोलीभर झाल्या. पितळी तोंडांचा खोका उचलून भिंतीवर आपटला, एक तोंड उडून मावशींच्या कपाळाला लागलं.

"कुठेय ती? आणि दोरा कुठेय?"

ताईच्या टेबलावर मण्यांचं रीळ होतं. ते तिकडे वळले तशी मी मध्ये उभी राहिले. जीभ ठिकाणावर होती.

"भाऊजी, बाबांनी तुम्हाला कुलपं ठोकायला ठेवलं होतं. पर्स तुम्हाला कधी करता आली नाही."

"बाजूला हो, धाकटे."

"चार फॅशन आल्या नि गेल्या. एकही तुम्हाला वेळेत कळली नाही. ज्याला बाजार कळत नाही तो बायकोला बडवतो. आणि आता त्या खरेदीवाल्या बाई तुमच्याकडे बघतही नाहीत. बघतील कशाला? तुम्ही तर आता कुलपंही ठोकत नाही. बोटं ठोकता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तळपायाची आग मस्तकात गेलेला माणूस मी त्या आधीही पाहिला होता, पण वेदनेत वाकलेल्या ताईच्या खांद्यावरून. समोरून पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी ठोकायची लाकडी हातोडी उचलली. आणि मग त्यांना सुचलं. ओठाच्या एका कोपऱ्यातून हसले, वर्षानुवर्षांची ती हाक आठवून.

"मणी!"

कुणीही डोळे मिटले नाहीत.

त्यांना ते दिसलं. एका क्षणात त्यांनी चौघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा गोंधळला. पण हातोडी निघाली होती. ती येताना मी सगळं पाहिलं, दांड्यावरचा तेलकट डाग, त्यांच्या अंगठ्याचं वाढलेलं नख. ती माझ्या डाव्या खांद्याजवळ बसली, गळ्याच्या हाडावर, आणि ते हाड वाळक्या फांदीसारखं मोडलं. मी खाली पडले. दुसरा घाव त्यांनी डोक्यावर घालायला उचलला. तो आला नाही, कारण थोरल्या जावेनं त्यांचा हात धरला आणि दातांनी मनगट फोडलं, धाकटी पाठीवर लटकली, आणि आमच्या मावशी, ज्या मुंगीलाही वाट देतात, त्यांनी चिकटवायच्या उकळत्या सरसाचं भांडं त्यांच्या पायांवर ओतलं. भाऊजी गुरासारखे ओरडले. बडबडी रस्त्यावर धावली, आणि तिचा तो आवाज त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी आला. पाच मिनिटांत अख्खी गल्ली दारात होती.

मागच्या खोलीच्या उंबऱ्यात ताई उभी होती. भाऊजींकडे तिनं पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत होती.

चौकीत या वेळी साहेब हसले नाहीत. चौघींनी वेगवेगळं बसून एकच सांगितलं. कोणत्या हातात हातोडी, कुठे उभे, काय बोलले, किती घाव. मंगळवारचं बोट पुन्हा लिहून घेतलं गेलं. भाऊजींच्या पायांना मलमपट्टी करून त्यांना आत घातलं, ते अजून आत आहेत.

दुसऱ्या दिवशी ताई इस्पितळात आली. माझा डावा हात छातीशी बांधला होता. मी तिची वाटच बघत होते. खरं सांगायचं तर कौतुकाची वाट बघत होते. ती खाटेशी बसली नाही, उभी राहिली.

"खोलीवर राहायला गेले," ती म्हणाली. "खरेदीवाल्या बाईंनी महिनाभर मुदत वाढवली."

"रीळ वाचलं ना?" मी म्हणाले. "मी त्यांना टेबलापर्यंत पोचूच दिलं नाही."

"टेबलावर जुनं बिघडलेलं रीळ होतं. खरं मी गुरुवारी संध्याकाळीच खोलीवर नेऊन ठेवलं होतं. काल चार वाजता मी जाणार होते. बाईंची गाडी यायची होती."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू मला सांगितलंस?"

"ते तुझ्या मागे तिथेही आले असते, ताई."

"आले असते," ती म्हणाली. "ते मला माहीत नाही का? त्या खोलीचं दार मी लोखंडी करून घेतलंय. खाली औषधवाल्याला सांगून ठेवलं होतं. मी गोळ्या खाऊन झोपले होते, मेले नव्हते."

आणि तिनं मला थोबाडीत मारली. डाव्या हातानं, जोरात. माझं डोकं उशीवर आपटलं आणि मोडलेल्या हाडातून कळ थेट पोटात गेली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. ताईनं उभ्या आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता, अगदी लहानपणी मी तिच्या सुया मोडल्या तेव्हासुद्धा.

ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग मटकन खाटेच्या कडेवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. कान गेला, दात गेला, बरगड्या गेल्या, बोट गेलं, तेव्हा तिला मी असं रडताना पाहिलं नव्हतं.

"माझ्या वाट्याचा मार खायला मी एकटी पुरे होते गं," ती म्हणाली. "तुझ्या अंगाला हात लागू नये म्हणून तर इतकी वर्षं त्या घरात राहिले. त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तू गेलीस तर धाकटीकडे बघतो."

हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं मी मागच्या खोलीत सुखानं झोपत होते.

मी उजवा हात तिच्या पाठीवर ठेवायला गेले. तिथपर्यंत पोचला नाही. परिचारिका येऊन ताईवर ओरडली, रुग्णाला मारता काय म्हणाली, आणि भेटायची वेळ संपल्याचं सांगून तिला बाहेर घेऊन गेली.